मासळीच्या खोक्यातली तोराजी

भाभींचा खोकला आमच्या मैत्रीइतकाच जुना होता. लग्न होऊन मी शारजाला आले, त्या पहिल्याच आठवड्यात समोरच्या बंद दारामागून तो मला ऐकू आला. कोरडा, खोलवरून येणारा, एकदा सुरू झाला की थांबायचं नाव न घेणारा. मी जाऊन बेल दाबली आणि मोडक्या हिंदीत विचारलं, पाणी वगैरे हवंय का. दार उघडणाऱ्या बाईंनी माझ्या टिकलीकडे, गळ्यातल्या मंगळसूत्राकडे पाहिलं आणि सरळ मराठीत म्हणाल्या, "पाणी आहे गो घरात. तू आत ये, चहा घे."

त्या रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावातल्या. त्यांच्या मिस्टरांचं शारजाच्या औद्योगिक भागात गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. मी पुण्याची, माझा नवरा दुबईत अल क्वोजमधल्या एका गोदामात नोकरीला. सकाळी सहाला तो निघायचा आणि संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून शिणून परत यायचा. मधला सगळा दिवस माझा आणि त्या चार भिंतींचा. भाभी माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या. बिल्डिंगमधले सगळे त्यांना भाभी म्हणत म्हणून मीही म्हणायला लागले. मी त्यांना तुम्ही म्हणायचे, त्या मला तू.

चार वाजता त्यांच्याकडे चहा, हे कधी ठरलं ते आठवत नाही, पण पाच वर्षं ते चुकलं नाही. माझ्या बाळंतपणाच्या वेळी आईचा व्हिसा अडकला, तेव्हा माझ्या मुलीला पहिली अंघोळ भाभींनी घातली. मला डिंकाचे लाडू त्यांनी खाऊ घातले. डिंक कुठून मिळवला ते त्यांनाच माहीत. त्यांच्या बाल्कनीत गावाहून आणलेल्या अडुळशाची एक कुंडी होती. खोकला वाढला की त्याची पानं तोडून मी काढा करायचे आणि त्या नाक मुरडत प्यायच्या. दोन दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. डॉक्टर म्हणायचे, धूळ आणि ए.सी., दुसरं काही नाही. या देशात त्या दोन गोष्टी सोडून दुसरं होतं काय?

मग वरच्या मजल्यावर कोरियन कुटुंब आलं.

त्या घरातल्या बाईचा नवरा कुठल्याशा वीजकेंद्राच्या प्रोजेक्टवर इंजिनीअर होता. ती मला लिफ्टमध्ये भेटली. लहानखुरी, कानापर्यंत कापलेले केस, हातात कोबीचे तीन गड्डे. मी इंग्रजीत विचारलं, एवढ्या कोबीचं काय करता. तिने शब्द शोधत शोधत सांगितलं, तिखटमीठ लावून आंबवायचा, त्याची किमची करायची. मला मजा वाटली. चार वाजायला आले होते, म्हणून म्हटलं, चला, माझ्या मैत्रिणीकडे चहाला. मीच तिला भाभींकडे नेलं. हे वाक्य पुढे मी स्वतःला किती वेळा ऐकवलं असेल, त्याला गणती नाही.

त्या दिवशी मी मधे बसले होते आणि दोन्हीकडचं बोलणं दोन्हीकडे पोचवत होते. भाभींना इंग्रजी जेमतेम, हिच्याकडेही तुटकतुटकच, आणि माझं कॉन्व्हेंटचं. मला फार महत्त्वाचं वाटत होतं. मग भाभींना खोकला आला. ती कपबशी ठेवून उठली, काही न बोलता निघून गेली. भाभी म्हणाल्या, "घाबरली वाटतं." पाच मिनिटांत ती परत आली, तेव्हा तिच्या हातात काचेची एक बरणी होती. आत मधात बुडालेली, बोटभर लांबीची, फिकट पिवळी, सुरकुतलेली मुळं.

"तोराजी," ती म्हणाली.

मग हातवारे करत तिने जे सांगितलं ते मी भाभींना समजावलं. हे एक फुलझाड आहे. त्याला जांभळी-निळी फुलं येतात. तिच्याकडे डोंगरउतारावर आपोआप उगवतं. त्याचं मूळ घशासाठी, छातीसाठी. सुकवलेलं मूळ आलं घालून, नाशपाती घालून उकळायचं आणि प्यायचं. तिच्या आईने तिला लहानपणापासून हेच पाजलंय.

"हलाल आहे का विचार," भाभी म्हणाल्या.

"मुळी आहे भाभी. मुळीत काय हलाल आणि हराम."

"मुळी असेल गो. पण बरणीत काय काय घातलंय? दारूबिरू नसेल ना? विचार तर."

मी विचारलं. तिने जोरजोरात मान हलवली, दोन्ही हात नकारार्थी फुलीसारखे धरले आणि म्हणाली, "हनी. ओन्ली हनी." भाभींनी बिस्मिल्ला म्हणून चमचाभर तोंडात घातलं. चेहरा कडवट झाला, मग सैल झाला. "अडुळशाची मावसबहीण दिसते ही," त्या मला म्हणाल्या. हे तिला भाषांतर करून सांगता येईना. आम्ही दोघीच हसलो. त्या हसण्यात ती नव्हती, हे मला त्या दिवशी जाणवलंसुद्धा नाही.

आठ-दहा दिवसांत भाभींचा खोकला पुष्कळ उतरला. त्या रोज सकाळी उकळून प्यायच्या. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण भाभी जेव्हा म्हणाल्या, "इतकी वर्षं उगाच तुझा काढा प्यायले गो," तेव्हा त्या गमतीने म्हणाल्या हे कळूनही मला ते लागलं.

हवा थंडावली तशी ती गावाहून मागवलेलं बी घेऊन आली. तिच्या बाल्कनीत दुपारभर ऊन तापायचं. भाभींची बाल्कनी सावलीची. म्हणून पेरायचं भाभींकडे ठरलं. कुंड्या लहान पडणार होत्या. मूळ खोल जातं, तिने हाताने दाखवलं. त्यावर भाभींनीच तोड काढली. त्या दोघी शुक्रवारी सकाळी खाडीवरच्या मासळीबाजारात गेल्या आणि मासेवाल्याकडून थर्माकोलची चार रिकामी खोकी घेऊन आल्या. सोबत दोन किलो सुरमई आणि कसल्या कसल्या शिंपल्या.

मी शाकाहारी. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे, नवऱ्याने बाहेर खाल्लं तर खाल्लं. त्या दोघी मात्र खाडीकाठच्या. एक कोकणातली, एक कोरियातली, पण माशाचं डोळ्यांवरून ताजेपण कसं ओळखायचं हे दोघींना सारखंच ठाऊक. त्यानंतर दर शुक्रवारी सकाळी दोघी बाजारात जायला लागल्या. भाभींनी एकदा विचारलं, "येतेस? नुसती फिरायला." मी म्हटलं, मला वास सहन होत नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पुन्हा विचारायला हवं होतं, असं मला वाटत राहिलं.

तिच्या सपाता मला अजून दिसतात. पांढऱ्या रबरी, त्यावर निळी पट्टी. भाभींच्या दारात ती त्या काढायची आणि आत जाण्यापूर्वी वाकून वळवून ठेवायची, टोकं बाहेरच्या बाजूला, म्हणजे निघताना सरळ पायात सरकवता याव्यात. माझ्या दाराच्या भिंगातून त्या दिसायच्या. सकाळी मुलीला शाळेच्या बसपर्यंत सोडून आले की त्या तिथे असायच्याच. अकराला बघावं तर असायच्या. कधीकधी मी मुद्दाम बघायचे नाही, आणि मग स्वयंपाकघरातून उठून जाऊन बघायचे. निर्जीव सपातांचा इतका राग येऊ शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

आणि मग ते ऑन्नी. एके दिवशी तिने आमची वयं विचारली. मला वाटलं सहज विचारतेय. त्यांच्याकडे म्हणे वय कळल्याशिवाय कुणाला काय म्हणायचं ते ठरत नाही. भाभी तिच्याहून मोठ्या निघाल्या. ती उठून उभी राहिली, कमरेत वाकली आणि म्हणाली, "ऑन्नी." म्हणजे मोठी बहीण. मी तिच्याहून वर्षाने लहान निघाले. धाकट्या बहिणीला काय म्हणता, मी विचारलं. तिने हसून सांगितलं, काही नाही, तिला नावाने हाक मारायची. ती तिथून पुढे मला नावानेच हाक मारायची. तिच्या रीतीने ते जवळिकीचंच होतं, हे डोक्याला कळत होतं. पण दिवसातून वीस वेळा जिन्यातून "ऑन्नी, ऑन्नी" ऐकू यायचं आणि मला वाटायचं, मी पाच वर्षं त्यांना नुसती भाभी म्हणतेय. सगळ्या बिल्डिंगची भाभी. माझ्याकडे त्यांच्यासाठी माझा असा शब्दच नव्हता.

बी उगवलं त्या दिवसाचं सांगते. मी नेहमीप्रमाणे चारला गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. दोघी बाल्कनीत एका खोक्यावर ओणवून बसल्या होत्या, डोक्याला डोकं लावून. मोहरीएवढे हिरवे ठिपके मातीवर आले होते. चहा होऊन गेला होता. जवाचा कसलासा चहा, तिने आणलेला. भाभी मागे वळून म्हणाल्या, "आलीस? बस. तुझ्यापुरता टाकतेस का चहा? दूध आहे फ्रीजमध्ये." मग त्या तिला काहीतरी सांगायला लागल्या. पाणी रोज किती घालायचं याबद्दल हिंदी, इंग्रजी, हातवारे, मधेच अरबी "खलास" आणि "यल्ला". ती मान डोलवत होती. मला राहवेना. मी म्हटलं, "मी सांगू का तिला नीट?"

"नको गो," भाभी म्हणाल्या, "कळलं तिला."

कळलं होतंच. मी तिथे उभी राहून बघत होते आणि त्या दोघींनी आपापसात एक भाषा बांधली होती, जिच्यात मला शिरायला जागा नव्हती. माझं कॉन्व्हेंटचं इंग्रजी तिथे कुणाला नको होतं.

त्या संध्याकाळी नवरा म्हणाला, "तोंड का पडलंय?"

"कुठे काय."

"भाभींशी भांडलीस?"

"भांडायला त्यांना वेळ कुठे आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला. शहाणा माणूस.

मी हरायला तयार नव्हते. तिला पुरणपोळ्या करून खाऊ घातल्या. तिने अर्धी खाल्ली आणि उरलेली कागदी रुमालात गुंडाळून कौतुकाने घरी नेली. दुबईत ऊद मेथाजवळच्या एका हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळींचा दिवाळीचा कार्यक्रम होता, तिथे भाभींना आग्रहाने घेऊन गेले. पूर्वी अशा ठिकाणी भाभी माझ्याशेजारी बसून सगळ्या बायकांच्या साड्यांवर कुजबुजत शेरे मारायच्या. त्या दिवशीही मारले. पण मध्यंतरातच त्यांनी घड्याळ बघितलं. खोक्यांना पाणी घालायचं राहिलं होतं.

एकदा बघते तर अडुळशाची कुंडी बाल्कनीच्या कोपऱ्यात, पानं माना टाकलेली. म्हटलं, "भाभी, ही मी घेऊन जाऊ?"

"ने," त्या म्हणाल्या. "इथे जागाच नाही उरली."

ती कुंडी उचलून दोन दारांमधलं अंतर ओलांडताना मला रडू येत होतं. आता हसू येतं, पण तेव्हा येत नव्हतं.

पहिल्या वर्षी त्या झाडांना फुलं आली नाहीत. उन्हाळ्यात वरचा भाग वाळला, खोकी तिच्या घरात ए.सी.मध्ये गेली, गारवा आला तशी पुन्हा बाल्कनीत आली, आणि हिवाळा सरता सरता नवे कोंब फुटले. दुसऱ्या वर्षी काड्या हातभर उंच झाल्या. आता येणार, आता येणार म्हणून दोघी रोज बघायच्या. जून आला तरी काही नाही. बाल्कनीत गरम वाऱ्याच्या झळा लागायला लागल्या. जूनअखेर ती आपल्या मुलाच्या शाळेच्या सुटीत कोरियाला निघाली, आणि चार दिवसांनी भाभी रत्नागिरीला. भाभींचे मिस्टर दुकानामागच्या खोलीतच झोपायचे, म्हणजे घर बंद, ए.सी. बंद. आमच्याकडे त्या वर्षी रजा नव्हती. दर दोन वर्षांनी मिळायची. अशी ती चार खोकी माझ्याकडे आली. दुसरं कुणी नव्हतं म्हणून.

भाभी निघताना म्हणाल्या, "जीव लाव हां."

जीव लावू नको तर काय करू? मी ती खोकी मुलीच्या खोलीत खिडकीशी मांडली. तिथला ए.सी. दिवसभर चालू ठेवला. नवरा कुरकुरला, मी ऐकलं नाही. सकाळी मातीत बोट घालून ओल बघायची, संध्याकाळी पुन्हा. प्रेम नव्हतं ते, खोटं कशाला बोलू. चढाओढ होती. त्या परत येतील तेव्हा ही झाडं त्यांनी ठेवली होती त्याहून चांगली दिसली पाहिजेत, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

जुलैच्या मध्यात काड्यांच्या टोकांना हिरवे गोळे आले. रोज ते फुगत गेले. कळी कसली, छोटा फुगाच. पाच शिवणींचा, आधी हिरवा, मग पांढुरका, मग फिकट जांभळा. माझ्या मुलीने एकाला बोट लावलं.

"आई, देअर इज एअर इन्साइड."

"हळू."

तिने चिमटीत धरून किंचित दाबलं. टप् असा बारीकसा आवाज झाला आणि शिवणी उसवून आत निळं दिसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्ण उघडलं होतं. पाच टोकांची चांदणी, निळी आणि जांभळी यांच्या मधल्या रंगाची, पाकळ्यांवर गडद शिरा. मी शारजात सहा-सात वर्षं काढली होती. बोगनवेल आणि रस्त्याच्या मधोमध लावलेली पेटुनिया सोडून मी तिथे फूल म्हणून काही पाहिलं नव्हतं. आम्ही मायलेकी जमिनीवर बसून बघत राहिलो. नवऱ्याला उठवून दाखवलं. तो म्हणाला, "छान आहे," आणि दाढी करायला गेला.

दुपार होईपर्यंत मी कशीबशी थांबले. मग फोनकार्ड खरवडून रत्नागिरीला फोन लावला.

"भाभी, फुललं."

"काय?"

"तोराजी. दोन फुलं उघडलीत. कळ्या तर भरपूर आहेत."

पलीकडे कुणीतरी पोरांना गप्प करत होतं. मग भाभींचा आवाज. "कसा रंग?"

मी सांगितला. फुग्यासारखी कळी सांगितली, टप् आवाज सांगितला, मुलीने कसं दाबलं ते सांगितलं. खुलवून खुलवून सांगितलं, आणि सांगताना मला किती सुख होत होतं ते मला माहीत होतं. दोन वर्षं वाट बघितली त्यांनी, आणि पहिलं फूल पाहिलं मी.

"बरं," भाभी म्हणाल्या. "ठेवते आता. पाहुणे आलेत." आणि फोन बंद झाला. नेहमीसारखं मुलीला पापा दे म्हणाल्या नाहीत, मिस्टरांकडे बघून ये म्हणाल्या नाहीत.

मी रिसीव्हर हातात धरून बसले. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. थोडा वेळ वाटलंही.

भाभी ऑगस्टअखेर आल्या, ती कोरियाहून यायच्या आधी. विमानतळावरून आल्या तशा, अबायासुद्धा न काढता, आमच्या दारात. फुलं केव्हाच संपली होती. काड्यांवर कोरडी बोंडं होती. त्यांनी खोक्यांपुढे बसून एक बोंड बोटांत फिरवलं.

"तुझ्याकडेच यायचं होतं त्याला," त्या म्हणाल्या.

"तसं काय भाभी. वेळ झाली, आलं."

"मला त्या दिवशी फार जळलं गो. फोन ठेवला आणि चुलीपुढे जाऊन बसले. जावा विचारतात, काय झालं, कोण गेलं? काय सांगू त्यांना? फूल फुललं म्हणून रडतेय म्हणून?"

मी खोक्यातलं एक वाळलेलं पान खुडलं.

"आणि हे पहिल्यांदा नाही," त्या पुढे म्हणाल्या. "ती नवी आली तेव्हा तुम्ही दोघी फाडफाड इंग्रजी बोलायचा. माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर. मी आपली चहा गाळतेय आणि दोघींच्या तोंडांकडे बघतेय. तू मला सांगायचीस ते सगळंच सांगायचीस, की निम्मं गाळायचीस, मला काय ठाऊक? म्हणून म्हटलं, हिची बोली आपणच शिकायची. झक मारत."

"मी गाळत नव्हते."

"नसशील. मला वाटायचं."

मी माझं त्यांना काही सांगितलं नाही. सपातांचं नाही, ऑन्नीचं नाही. तसा तो क्षण होता, आणि दार उघडंच होतं. पण त्यांनी मोठ्या मनाने बोलून टाकलं म्हणून मलाही तेवढं मोठं होता येईल असं नव्हतं. मी चहा टाकायला उठले.

ती परतल्यावर तिला फुलांचं कळलं, तेव्हा तिने आनंदाने टाळ्या वाजवल्या, माझे दोन्ही हात धरले आणि खूप वेळा वाकली. मी फोटो काढले होते, ते तिने दोनदोनदा पाहिले. मग तिने भेटी काढल्या. मला दिला रेशमी बटवा, गुलाबी, त्यावर भरतकाम केलेली दोन बदकं. भाभींना दिली एक मोठी बरणी. तिच्या आईने स्वतः डोंगरावरून खणून आणलेली, सोललेली, मधात मुरवलेली तोराजी. आई म्हातारी आहे, गुडघे दुखतात, पण ऑन्नीसाठी म्हटल्यावर गेली. बटवा सुंदरच होता. परक्या माणसाला द्यावा तसा सुंदर. मी तो कपाटात ठेवला आणि बरेच दिवस कपाट उघडताना तिकडे बघितलं नाही.

तिसरा हिवाळा सरता सरता तिच्या नवऱ्याचं काम संपलं. जाण्यापूर्वी एके सकाळी तिने चारही खोकी जमिनीवर कागद पसरून उलटी केली. मुळं निघाली, करंगळीएवढी, काही दोन पायांच्या माणसासारखी फाटे फुटलेली. वरची बारीक साल खरवडायची, लांबीत चिरायची, मग जाड मीठ लावून चोळायची, म्हणजे कडूपणा पाण्यात उतरतो. आम्ही तिघी ओट्याशी उभ्या राहून चोळत होतो. भाभींच्या हाताला चिरा होत्या, त्यात मीठ झोंबत होतं, तरी त्या बाजूला होईनात. मग तिने लाल तिखटाची चटणी, व्हिनेगर, लसूण, साखर, तीळ घालून ते कालवलं.

"यू कॅन ईट," ती मला म्हणाली. "नो फिश."

तिने चटणीची बरणी माझ्यासाठी निराळी आणली होती, ज्यात मासा नाही अशी. दुकानातून शोधून. तेवढं तिच्या लक्षात होतं. मी खाल्लं. कुरकुरीत, तिखट, आणि सगळ्याच्या मागे कडू. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

निघताना ती भाभींच्या गळ्यात पडून रडली. मलाही मिठी मारली, थोडी अवघडून, आणि माझं नाव दोनदा घेतलं. टॅक्सी वळली तेव्हा मला मनातल्या मनात हलकं वाटलं. म्हटलं, आता चार वाजता फक्त आम्ही दोघी.

पण तसं झालं नाही. चहा पुन्हा माझ्यासोबत व्हायला लागला, दूध-साखरेचा, पूर्वीसारखा. भाभी मात्र त्यात नसायच्या. बोलायच्या ते तिच्याबद्दल. आत्ता तिथे बर्फ पडत असेल. मुलाला तिथली शाळा जड जात असेल. सुरमई आणली की म्हणायच्या, ती असती तर डोकं तिने घेतलं असतं. ती होती तेव्हा निदान मला तिच्या चुका दिसायच्या, तिचं खोटं हसू दिसायचं, तिच्या किमचीच्या वासावर नाक मुरडता यायचं. गेल्यावर ती निर्दोष झाली. तिच्याशी मी काय झगडणार?

बरणी संपली आणि खोकला परतला. मी अडुळशाचा काढा केला. भाभींनी तो सगळा प्यायला, एकही थट्टा न करता. तीच गोष्ट मला खटकली. पूर्वी त्या शिव्या देत प्यायच्या.

शेवटी मीच दुबईत चौकशी केली. नवऱ्याच्या ऑफिसमधल्या कुणीतरी सांगितलं, देराच्या एका मागच्या गल्लीत कोरियन किराण्याचं दुकान आहे. एका गुरुवारी मी भाभींना टॅक्सीत घालून तिथे नेलं. पायऱ्या उतरून जायचं, अर्धवट तळघरातलं दुकान. आत शिरताच आंबवलेल्या कोबीचा, सुक्या माशांचा, तिळाच्या तेलाचा वास आला. भाभी दारातच थांबल्या आणि डोळे मिटून त्यांनी श्वास घेतला. मग गल्ल्यावरच्या चष्मेवाल्या म्हाताऱ्यापुढे जाऊन त्या कमरेत वाकल्या आणि चार-पाच कोरियन शब्द बोलल्या. म्हातारा स्टुलावरून उतरला. अबाया घातलेली एक बाई आपल्या बोलीत तोराजी मागतेय, याचा त्याला इतका हर्ष झाला की त्याने आतून बायकोला हाक मारली. दोन पाकिटं पुढे आली. भाभींनी एक दाबून पाहिलं, नाकाशी नेलं, परत केलं. दुसरं घेतलं. म्हातारी हसून काहीतरी म्हणाली, भाभी त्यावर काहीतरी म्हणाल्या, आणि तिघेही हसले. मी पर्स धरून तांदळाच्या पोत्यांशी उभी होते. मला एक अक्षर कळत नव्हतं, आणि समजावून सांगायला कुणी वळून बघत नव्हतं.

परतताना शारजाच्या रस्त्यावर गाड्या नेहमीप्रमाणे तुंबलेल्या. पाकीट भाभींच्या मांडीवर होतं.

"तिला आवडलं असतं हे दुकान," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुला आवडलं?"

"वास फार आहे."

त्या हसल्या. हसता हसता खोकला लागला. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून दिलं. दोन घोट घेऊन त्या म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात परत येऊ. येशील ना? एकटीला नाही सापडायची ती गल्ली."

"येईन."

"आणि आज तूच उकळ हे. माझे पाय दुखलेत."

त्या त्यांच्या सोफ्यावर आडव्या झाल्या आणि तिथूनच मला सूचना देत राहिल्या. आधी धू, मग भिजव, आलं ठेच पण किसू नको, नाशपाती सालीसकट टाक, गॅस बारीक कर. तासभर मी त्या भांड्याशी उभी राहिले. वाफ कडवट, गोडसर, थोडी मातीसारखी. गाळून, मध घालून पेला त्यांच्या हातात दिला. त्यांनी एक घोट घेतला, तोंडात फिरवला.

"पाणी जास्त झालं गो," त्या म्हणाल्या, आणि पेला रिकामा केला.